शिळेवर फक्त आकडा आहे

पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या काही गावांत एखाद्या जुन्या भिंतीत बसवलेली दगडी पाटी आढळते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या हिंदुस्थानभर बसवल्या. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. दोन आकडे असतात आणि नाव एकही नसते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले असे सांगितले जाते. गावाच्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या किती भयंकर आहे हे कळायला हिशेब करावा लागत नाही. तरीही असे आकडे अभिमानाने सांगणारी माणसे जितकी भेटतात, तितकी त्या आकड्यांतली नावे घेणारी भेटत नाहीत. शंभर वर्षांत आपण त्या पाटीवर एक अक्षरही वाढवलेले नाही.

२१ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटखाली १९७२ पासून तेवणारी अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली, तेव्हा या मृतांविषयीचा वाद देशभर उफाळून आला. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा होता की इंडिया गेटवर कोरलेली नावे पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात इंग्रजांसाठी लढलेल्यांची आहेत, ती वास्तू पारतंत्र्याची खूण आहे, आणि स्वतंत्र भारतासाठी प्राण देणाऱ्यांची २५ हजारांहून अधिक नावे २०१९ मध्ये खुल्या झालेल्या नव्या स्मारकावर कोरलेली आहेत. विरोधकांचा सारा रोख ज्योत विझवली की हलवली यावर राहिला. दोन्हीकडून खूप बोलले गेले, पण इंडिया गेटवर जी १३ हजारांहून अधिक नावे आहेत ती कोणाची, ती माणसे कुठून आली, घरी काय सोडून गेली, याबद्दल क्वचितच कोणी बोलले. हाच वाद पुढे मराठीतही आला आणि त्याला ठरीव रूप मिळाले. एका बाजूच्या तोंडी हे शिपाई ‘इंग्रजांचे भाडोत्री’ असतात, तर दुसरीच्या तोंडी ‘मातृभूमीसाठी हुतात्मा झालेले वीर’. दोन्ही वर्णने सोयीची आहेत, कारण दोन्हींसाठी त्या माणसाची ओळख करून घ्यावी लागत नाही.

माझे म्हणणे असे आहे की शेतातून उठून पलटणीत गेलेल्या आणि परत न आलेल्या या तरुणाचे स्मरण करणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि तो कोणत्या झेंड्याखाली मेला या प्रश्नाच्या उत्तरावर ते अवलंबून ठेवता येणार नाही. मात्र स्मरण म्हणजे जयजयकार असे मी मानत नाही. त्याचे नाव, गाव, तो का गेला, त्याला कोणी पाठवले, त्याने तिथे काय केले आणि त्याच्यामागे घराचे काय झाले, हे सगळे खरेपणाने मांडणे म्हणजे स्मरण. त्यात त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या साम्राज्याचा हिशेबही येतो. ज्यांना साम्राज्याचा राग आहे त्यांनी तर हे काम सर्वांआधी हाती घ्यायला हवे होते.

एका शिपायाबद्दल बोलल्याशिवाय ही चर्चा पुढे नेणे योग्य होणार नाही. नाईक यशवंत घाडगे हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. भातशेतीवर जगणारा हा मुलूख. त्यांचा जन्म नोव्हेंबर १९२१ मधला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ते इटलीत गेले आणि १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या डोंगराळ भागात मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्या सन्मानपत्रातला वृत्तांत थोडक्यात असा: शत्रूच्या भक्कम मोर्चावर हल्ला करताना त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. आपल्यासोबत यायला कोणी उरलेले नाही हे माहीत असताना ते एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, मग टॉमीगनने आणखी एकाला मारले. गोळ्या संपल्या आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी घाव घालून ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. त्यांचे थडगे ज्ञात नाही. इटलीतल्या कासिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे घ्यावे लागेल, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा इथल्या कायदेमंडळाला किंवा कोणत्याही पक्षाला विचारले नव्हते. म्हणजे घाडगे ज्या युद्धात मेले ते त्यांच्या देशाने पुकारलेले नव्हते. ज्या सैन्याच्या पगारपटावर त्यांचे नाव होते, त्याच सैन्याने १९१९ मध्ये जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्या झाडणारे शिपाईही हिंदी होते. १९४२ मध्ये ‘चले जाव’ची चळवळ चिरडायला लष्कर वापरले गेले. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे उपासमारीने मेली, तेव्हा सरकारची नजर युद्धावर होती. अशा सैन्यातल्या शिपायाचे स्मारक करणे म्हणजे त्या सैन्याला नैतिक प्रमाणपत्र देणे नव्हे काय? ज्यांनी तुरुंग भोगले, फाशी पत्करली, त्यांच्या शेजारी याचे नाव कसे ठेवायचे? जर्मनीतल्या नाझी सत्तेविरुद्धची ती लढाई होती हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. कुलाब्याचा तरुण भरतीच्या रांगेत हिटलरचा विचार करून उभा राहिला असेल असे मानायला मी तयार नाही, आणि त्याला तिथे पाठवणाऱ्यांना हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची तितकीच आच होती असेही कोणी म्हणू शकणार नाही.

हे सगळे मान्य करूनही मला विचारावेसे वाटते, की हा दोष नेमका कोणाच्या माथी जातो? युद्ध पुकारणाऱ्याच्या, आदेश देणाऱ्याच्या, धान्य अडवणाऱ्याच्या, की ज्याला या तिन्हींपैकी एकाही निर्णयात तोंड उघडता आले नसते त्या बाविशीतल्या नाईकाच्या? गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी शून्य असते असे मी म्हणत नाही. जालियनवाला बागेतल्या शिपायांनी जे केले ते त्यांनीच केले. पण एका शिपायाच्या कृत्याचा दोष त्याच गणवेशातल्या दुसऱ्या लाखोंच्या नावावर चढवायचा असेल, तर न्याय या शब्दाचा उच्चारही आपण करू नये. शिवाय त्या काळातले लोक आपल्या आजच्या ठोकळ्यांत राहत नव्हते. ज्या सातारा जिल्ह्याने पलटणींना पिढ्यानपिढ्या पोरे दिली, त्याच जिल्ह्यात १९४३ पासून नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. एकाच भावकीतला एक जण पलटणीत आणि दुसरा भूमिगत, ही त्या मुलखात अशक्य कोटीतली गोष्ट नव्हती. ज्या जुलै महिन्यात घाडगे इटलीत पडले, त्याच महिन्यात इंफाळच्या मोर्चावरून आझाद हिंद सेनेचे जवान भर पावसात माघार घेत होते. त्यांतले कितीतरी जण मुळात इंग्रजांच्याच हिंदी सैन्यातले, सिंगापूर आणि मलायात युद्धकैदी झालेले शिपाई होते. सिंगापूर पडले तेव्हा कोणती पलटण कुठे होती, यावर कोण कोणत्या बाजूला लढला हे पुष्कळदा ठरले. आज नेताजींचा पुतळा इंडिया गेटच्या मागच्या छत्रीत उभा आहे ही योग्यच गोष्ट आहे. पण त्या पुतळ्याला वंदन करणाऱ्याने समोरच्या कमानीवरच्या नावांकडे पाठ फिरवावी, याला इतिहासात आधार सापडत नाही.

जे या शिपायांना ‘गद्दार’ म्हणेपर्यंत मजल मारतात, त्यांनी तर आपल्या नेत्यांकडेही पाहावे. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायी हिंडले. लोकमान्य टिळकांचा भरतीला तत्त्वतः विरोध नव्हता. हिंदी तरुणांना अधिकाऱ्यांच्या जागा आणि देशाला स्वराज्य मिळणार असेल तर माणसे द्यायला ते तयार होते. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार तरुणांना भरती होण्याचे आवाहन केले, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सावरकरही हिंदू तरुणांना सैन्यात जायला सांगत होते. यांची कारणे एकमेकांपासून फार वेगळी होती, आणि त्यांपैकी कोणाचे बरोबर होते यावर भांडता येईल. पण ज्या प्रश्नावर देशातली सर्वांत तीक्ष्ण डोकी एकमताला आली नाहीत, त्याचे अचूक उत्तर भात लावणाऱ्या पोराला ठाऊक असायला हवे होते, असा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा?

‘पगारासाठी गेला’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि मला तो सर्वांत कमी प्रतीचा वाटतो. पहिल्या महायुद्धाच्या वेळी पायदळातल्या शिपायाला महिना ११ रुपये मिळत. ते पैसे कशासाठी लागत होते, हे विचारल्याशिवाय पगाराचा टोमणा मारता येत नाही. दख्खनच्या शेतकऱ्याने १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तेव्हापासून सरकारला त्याचे कर्ज माहीत होते; १८७९ चा शेतकरी कायदा त्यातूनच आला. तरी १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांत त्याच घरांचे पुन्हा कंबरडे मोडले. कोकणात जमीन तुटपुंजी आणि तिच्यावर खोताचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, हक्क. घाडगे लहानाचे मोठे होत होते त्याच काळात, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे, त्यांच्याच कुलाबा जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण कसल्या नाहीत. १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडले. जे पीक आपण काढतो त्याचा मोठा वाटा दुसऱ्याच्या कोठारात जातो हे ज्या मुलखात पोर चालू लागल्यापासून पाहते, तिथल्या तरुणापुढे वाटा तरी किती होत्या? मुंबईची गिरणी, गोदी, नाहीतर पलटण. पलटणीतून मनीऑर्डर येत होती आणि पुढे पेन्शनची आशा होती. बैल घ्यायला, बहिणीचे लग्न करायला, गहाण पडलेले शेत सोडवायला जो गेला, त्याला भाडोत्री म्हणणाऱ्याने भाडोत्री या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा. ज्याला घर सुटत नाही म्हणून घर सोडावे लागते, त्याच्यासाठी हा शब्द नाही.

आणि पगार घेऊन लढणे हीच नामुष्की असेल, तर आपल्या अभिमानाची किती पाने फाडावी लागतील? दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जायचे आणि पेरणीच्या सुमाराला घरी परतायचे, हा मराठी शेतकऱ्याचा कित्येक पिढ्यांचा क्रम होता. शिवाजी महाराजांनी सैन्याला वतने तोडून देण्यापेक्षा रोख वेतन देण्यावर भर दिला, आणि ते त्यांच्या राज्यव्यवस्थेचे शहाणपण म्हणून आपण शाळेत शिकतो. त्याआधी निजामशाही आणि आदिलशाहीच्या चाकरीत मराठा सरदार आणि त्यांचे पाईक दोन्ही बाजूंनी लढले. शहाजीराजांचे सारे आयुष्य त्याच चाकरीच्या ओढाताणीत गेले. कोणाची चाकरी केली एवढ्यावरून त्या माणसांची मापे आपण काढत नाही. मग १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनबरोबर अडकलेल्या, उपाशी राहिलेल्या आणि शेवटी कैदेत गेलेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणींतल्या माणसांनाच हे माप का लावायचे?

आपल्या मातीला या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी सुचले होते असे मला वाटते. गावाच्या वेशीवर, शिवमंदिराच्या आवारात, कधी नुसतेच शेताच्या बांधावर वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या स्मरणाचे दगड, उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्रसूर्य. कोणी गाई वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला, कोणी गावावर आलेली धाड अडवताना. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ज्या राजांसाठी यांतले काही लढले ती राज्ये गेली, त्यांची वैरे गेली, आणि शेंदूर लावणाऱ्या म्हातारीने कधी विचारले नाही की हा यादवांचा होता की शिलाहारांचा. आपल्यातला एक जण गेला, एवढे गावाला पुरेसे होते. वीरगळाची उणीवही मला दिसते. बहुतेकांवर नाव नाही, आणि काळाच्या ओघात तो माणूस नाहीसा होऊन देव उरतो. पण निदान तिथे दगड गावाने आपल्यासाठी उभा केला होता. १९१९ नंतरची पाटी सरकारने आपला हिशेब पुरा करायला लावली, आणि गावाने ती तशीच राहू दिली.

‘स्मारक ज्याने उभारले त्याचाच अर्थ त्याला चिकटतो’ असे मानणाऱ्यांसाठी भीमा कोरेगावचा जयस्तंभ हे जवळचे उदाहरण आहे. १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, आणि मृतांच्या यादीतल्या ‘नाक’ लागलेल्या, म्हणजे महार शिपायांच्या, नावांकडे पाहून लाखो लोकांना त्या दगडात कंपनीऐवजी आपले पूर्वज दिसू लागले. त्या लढाईचा अर्थ काय, यावर वाद आहेत आणि राहतील. पण दगडावर नावे होती म्हणून हे शक्य झाले. नुसता आकडा असता तर कोणाला आपला पूर्वज सापडला असता?

दूरचे उदाहरण आयर्लंडचे आहे, आणि ते आपल्याला फार लागू पडते. तोही देश याच साम्राज्याशी लढून स्वतंत्र झाला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असंख्य आयरिश तरुण होते. डब्लिनमधल्या आयलंडब्रिज येथील स्मारकाच्या नोंदवह्यांत सुमारे ४९ हजार मृतांची नावे आहेत. १९१६ मध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला, त्याच्या नेत्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या, आणि युद्धावरून परतलेला आयरिश शिपाई आपल्याच गल्लीत परका झाला. घरातल्या फोटोवर पदर पडला, पदके पेटीच्या तळाशी गेली. आयलंडब्रिजचे स्मारक १९३० च्या दशकात बांधून झाले, तरी कितीतरी दशके त्याची आबाळच झाली. १९९८ मध्ये बेल्जियमच्या मेसिन येथे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी ब्रिटनच्या राणीसमवेत या मृतांच्या स्मृतीसाठी उभारलेल्या मनोऱ्याचे उद्घाटन केले, तेव्हा ऐंशी वर्षे उलटून गेली होती. आयर्लंडने त्यासाठी १९१६ च्या हुतात्म्यांना दूर लोटले नाही. दोन्ही दुःखे एका घरातली आहेत, एवढेच त्यांनी कबूल केले. तेवढे कबूल करायला आपल्याला आणखी किती वर्षे लागणार आहेत?

इथपर्यंत मी ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याइतकाच दोष दुसऱ्या बाजूकडेही जातो. शिपायाला ‘मातृभूमीसाठी हुतात्मा’ करून टाकणाऱ्यांना वाटते की आपण त्याचा मान वाढवला. प्रत्यक्षात ते त्याच्या मरणातला सर्वांत कडू भाग पुसून टाकतात. त्याला न विचारता युद्धात ढकलले गेले, त्याच्या बरोबरीच्या गोऱ्या शिपायाला त्याच्यापेक्षा अधिक पगार होता, आणि तो ज्या स्वातंत्र्याच्या नावाने लढवला गेला ते त्याच्या स्वतःच्या गावाला मिळालेले नव्हते. हे सांगितल्याने त्याचे शौर्य उणे होत नाही. उलट त्या टेकडीवर त्याने जे केले ते कशाच्या आधारावर केले असेल, हा प्रश्न अधिक खोल होतो. देशासाठी नसेल, राजासाठी नसेल, तर शेजारी पडलेल्या आपल्या माणसांसाठी असेल काय? उत्तर देणारा गेला. त्याच्या तोंडी आपली घोषणा घालण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

गौरवाची भाषा आणखी एक गोष्ट झाकते, ती म्हणजे मारणे. बंदुकीच्या दस्त्याने दोन माणसांना ठार करणे हे वाक्य आपण ‘अतुलनीय पराक्रम’ या दोन शब्दांत गुंडाळतो. ते दोघेही कोणाची तरी मुले होती, आणि त्यांच्यातही कोणी शेतकऱ्याचा पोर असेल. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावाने घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. इटलीच्या मोहिमेत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनमधले सुमारे ५० हजार सैनिक होते आणि त्यांपैकी ५,७८२ मारले गेले. त्या सूर्यघड्याळावर लॅटिनमध्ये जे वाक्य कोरले आहे त्याचा अर्थ, आपण सर्व एकाच सूर्याखाली आहोत. युद्धाने ज्यांची घरे पाडली त्या गावाला हे वाक्य सुचले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्या गावाने लढाई पाहिली ते घोषणा देत नाही. आपल्याकडे मात्र ‘जय जवान, जय किसान’ ही १९६५ मधली शास्त्रीजींची घोषणा आपण दोन वेगळ्या माणसांसाठी दिल्यासारखी देतो. पुष्कळ घरांत तो एकच माणूस असतो, आणि शिपाई पडल्यावर सत्कार होतो तो जवानाचा. त्याच्या बापाच्या पिकाला भाव मिळाला की नाही, हे त्या व्यासपीठावर कोणी विचारत नाही.

साम्राज्याने या माणसांना मेल्यावरही समान मानले नाही, हे आता त्याच्या वारसांनीच कबूल केले आहे. बसरा येथील स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या कोरली गेली. कुतच्या मोहिमेतल्या मराठा पलटणींचे शिपाईही त्यांत आले. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने आपल्याच कारभाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार जणांचे, कदाचित त्याहून कितीतरी अधिकांचे, नावाने स्मरण झालेच नाही किंवा अजिबात झाले नाही, असे त्यात म्हटले आहे. यांत बहुतेक हिंदी आणि आफ्रिकी माणसे होती. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. गावातल्या पाटीवरचा नुसता आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरचा नुसता आकडा, ही एकाच मनोवृत्तीची दोन टोके आहेत. म्हणूनच ‘इंग्रजांसाठी मेले’ असे म्हणून जो त्यांना विसरतो, तो इंग्रजांनी केले तेच पुढे चालवतो. हे माझे मत कोणाला कठोर वाटेल, पण मी ते मागे घेणार नाही.

हे काम अशक्य नाही, याचा पुरावाही आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून अविभाजित पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि परदेशात जन्मलेल्या नातवंडांना पणजोबांचे गाव सापडले. आपल्याकडे मोठ्या स्मारकासाठी निधी मागण्याआधी प्रत्येक पाटीखालची नावे लिहिली जायला हवीत. कागद आहेत. जमीन मृताच्या नावावर असेल तर तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात वारसाची नोंद झालेली असते आणि त्यात मृत्यूचा उल्लेख येतो. जुन्या गावनमुन्यांत जन्ममृत्यूची नोंदवही असे. काही घरांत पेन्शनचा कागद किंवा काशाची (ब्राँझची) गोल चकती निघते, जिच्यावर मृताचे नाव उठवलेले असते. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी अशा चकत्या पाठवल्या जात, आणि पुष्कळांनी ती नुसते पितळ म्हणून मोडीत घातली असणार. शाळेतली आठवी-नववीची मुले शिक्षकांबरोबर एका पावसाळ्यात एका गावाचे काम पुरे करू शकतील. मोडी वाचणारी माणसे कमी होत आहेत, म्हणून हे काम आणखी वीस वर्षांनी सोपे होणार नाही.

आणि सुरुवात कुठून करायची असे कोणी विचारले, तर मी त्याला पुन्हा १० जुलै १९४४ कडे नेईन. घाडगे यांचे नाव आता हरवणार नाही. माणगावात पुतळा आहे, कासिनोला कोरीव अक्षरे आहेत, मोंतोनेला सूर्यघड्याळ आहे. पण सन्मानपत्रातले ते वाक्य पुन्हा वाचावे: त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते सगळे कोण होते? त्या कागदावर त्यांची नावे नाहीत. मात्र समाधी आयोगाच्या नोंदी आज घरबसल्या उघडता येतात. पलटण आणि तारीख घातली की त्या दिवशी इटलीत मेलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायांची यादी समोर येते. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा त्याच्या बापाचे नाव, गावाचे नाव, जिल्हा आणि कधी बायकोचेही नाव असते. गावांची नावे इंग्रजी कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली आहेत. ती ओळखायला त्या तालुक्यातलाच माणूस लागतो.